झाडाला सांगायचं नसतं

ज्या बाईच्या अंगात देवी येते तिला आमच्याकडे झाड म्हणतात. लढाईच्या दिवसांत मी दोनेक वर्षं झाड होते. आता हे कुणाला सांगितलं की दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक लगेच पाया पडायला वाकतात. दुसरी, शिकलेली, बारीक हसून विचारतात, "खरं सांगा, तुम्हाला आतून कळत असायचं ना?" मला दोघांचाही सारखाच राग येतो. पहिल्यांना वाटतं मी देवी पाहिली, दुसऱ्यांना वाटतं मी सोंग केलं. खरी गोष्ट अशी की गावातल्या एकूणएक बाईला ती देवी भेटली. कुणाच्या डोक्यावर तिनं हात ठेवला, कुणाला चार शिव्या हासडल्या. तिची नि माझी गाठ मात्र कधीच पडली नाही. ती यायची तेव्हा मी नसायचेच.

माझं माहेर जतच्या अंगाला, कोरडवाहू मुलखात. आई आमच्याशी निम्मं कानडीच बोलायची. लग्न होऊन मी साताऱ्याकडच्या बागायती गावात आले. घरात माणसं तीन: सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, मी, आणि आमचे मालक. मालक पलटणीत होते. लग्नानंतर दोनदा सुट्टीवर आले, मग ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेले आणि त्यांची पत्रं यायची थांबली. गावातले तरणे गडी एक तर पलटणीत, नाहीतर भूमिगतांच्या मागं डोंगरात. मागं उरलेलं गाव बायकांचं, म्हाताऱ्यांचं आणि म्हशींचं होतं.

वाट बघणं हे बसून करायचं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ते कधी केलेलं नाही. मी दळताना वाट बघायचे, शेण काढताना बघायचे, उसाला पाणी पाजताना बघायचे. पोस्टमन वेशीतून आत आला की घराघरातल्या बायका हातातलं काम तसंच धरून उभ्या राहायच्या. तो सायकल न थांबवता पुढं गेला की पुन्हा कामाला लागायच्या. त्याला बघून आनंद व्हावा की भीती वाटावी हे कुणालाच कळत नव्हतं. पत्र आलं तर बरं, तार आली तर संपलं. आत्याबाई आणि मी या गोष्टीवर एकमेकींशी चकार शब्द बोलत नव्हतो. त्या माझ्यापुढं रडत नसत, मी त्यांच्यापुढं रडत नसे, आणि दोघींचेही डोळे सुजलेले असायचे.

पहिल्यांदा देवी आली ती नवरात्रात. गावच्या देवळात घट बसले होते, आरती चालली होती, बाहेर हलगी वाजत होती. ऊद इतका घातला होता की समोरच्या बाईचा चेहरा दिसत नव्हता. मी हात जोडून उभी होते आणि खरं सांगायचं तर म्हशीचा विचार करत होते, कारण तिचे दिवस भरत आले होते. हलगीचा ठेका बदलला. आधी माझी पावलं गेली. गेली म्हणजे, ती होती, पण माझी राहिली नाहीत. मग गुडघे, मग कंबर. म्हैस मनात होती तीही विरली. मला एवढं आठवतं की मला भीती वाटत होती, आणि मग भीती होती पण ती ज्याला वाटते ते कुणी नव्हतं. त्यापुढचं काही नाही.

त्या 'काही नाही'बद्दल मला पुष्कळ बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. झोपेतून उठलं की आपण झोपलो होतो हे आपल्याला कळतं. काळोख होता असं वाटतं, वेळ गेला असं वाटतं. इथं तसं नव्हतं. हलगीचा एक ठोका ऐकला आणि पुढच्या क्षणी मी देवळाच्या फरशीवर आडवी होते, केस सुटलेले, कपाळभर कुंकवाचा मळवट, मान ठणकत होती आणि तोंड कडू पडलं होतं. मधला काळ कुणीतरी चाकूनं कापून काढल्यासारखा स्वच्छ गायब. आणि भोवतीच्या बायका माझ्याकडं अशा बघत होत्या की मी चटकन पदर सावरला. कालपर्यंत याच बायका मला "जतची दुष्काळी" म्हणून चिडवत होत्या.

पण जागं झाल्यावर अंग हलकं लागलं. घरी आले, भाकऱ्या थापल्या, जेवले, आणि जेवता जेवता लक्षात आलं की देवळात गेल्यापासून मी वाट बघितलेली नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. ज्या वेळात मी नव्हते, त्या वेळात माझं वाट बघणंही नव्हतं. ते परत अंगावर आलं तेव्हा मला ते ओझं किती आहे हे कळलं.

पुढं दर मंगळवारी देवळात ती यायला लागली. याचा सगळा कारभार शेजारच्या सुभेदारणीनं हातात घेतला. तिचे यजमान जुन्या लढाईतले सुभेदार, ते वारले तरी तिची सुभेदारी गेली नव्हती. मला पाटावर कधी बसवायचं, ऊद कुणी घालायचा, सवाल कुणी आधी विचारायचा, सगळं तिच्या हुकमानं. सुभेदारीण बायकांना सांगायची, "देवी मधीच कानडी बोलती बगा. देवांचीच भाषा ती." हे ऐकून मी खाली मान घालून हसायचे. देवांची असेल, पण माझ्या आईचीही होती. तरी मला एक मात्र कळायचं नाही. मीच बोलत होते म्हणावं तर मला एक अक्षर आठवत नव्हतं, आणि देवी बोलत होती म्हणावं तर तिला जतकडची कानडी कुणी शिकवली?

सुभेदारणीनं पहिल्याच दिवशी मला एक नेम सांगितला. "झाडाला त्याचा बोल कुणी सांगायचा न्हाई, आन झाडानं इचारायचा न्हाई. सांगितला की झाड आपलं आपणच ऐकाय लागतं. मग देवी बसायची कुठं?" मला ते पटलं. कारण जाताना मला हेच जाणवायचं, की स्वतःकडं लक्ष असेपर्यंत जाता येत नाही. ज्या मंगळवारी डोक्यात घरचं काही घोळत असायचं त्या मंगळवारी वेळ लागायचा. मग पाय जायचे, गुडघे जायचे, आणि सून, बायको, लेक, सगळ्या एकेक करून उतरून जायच्या. शेवटी जी उरायची तिला काही नाव नव्हतं. मग तीही जायची.

नेम असला तरी गाव ते गावच. ओढ्यावर धुणं धुताना कानावर यायचंच. एका बाईला म्हणे देवीनं सांगितलं, "तुजा येतोय," आणि तिचा नवरा पायाला गोळी लागून का होईना, घरी आला. दुसरीला नुसतं म्हणाली, "रडून घे गं लेकी," आणि पुढं पंधरवड्यात तिच्या दारात तार आली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते हे मलाही ठाऊक होतं. पण कावळाही मी नव्हते आणि फांदीही मी नव्हते, मी आपली झाड. आणि या झाडाचा बोल खरा ठरतो असं आजूबाजूच्या चार गावांत झालं.

आता कुणाच्याही मनात येईल ते माझ्या मनात आलंच होतं. गावातली प्रत्येक बाई देवीला आपल्या माणसाचं विचारत होती. मला विचारता येत नव्हतं. देवी आली की विचारायला मी नसे, आणि मी असले की देवी नसे. आमच्या घरातर्फे विचारू शकेल असं एकच माणूस होतं, आत्याबाई. आणि आत्याबाई विचारत नव्हत्या. दर मंगळवारी त्या मागं भिंतीला टेकून बसायच्या, सगळ्यांचे सवाल संपेपर्यंत बसायच्या, आणि देवीची ओटी भरून उठायच्या. घरचा सवाल शेवटी, असं त्या सुभेदारणीला सांगायच्या. ते निमित्त होतं. त्यांना उत्तराची भीती वाटत होती, आणि मला त्यांचा मनस्वी राग यायचा. मनात म्हणायचे, पोटचा पोर तुमचा, तुम्ही नाही विचारणार तर कोण विचारणार?

मग एका मंगळवारी मी जागी झाले आणि मला कळलं की त्यांनी विचारलं.

कुणी काही बोललं नाही. पण एरवी मी उठले की बायका पाया पडायला गर्दी करायच्या, त्या दिवशी एकही पुढं आली नाही. सगळ्यांचे डोळे लाल. सुभेदारीण, जी देवाच्या दारातही हुकूम सोडायची, ती गुपचूप माझ्या कपाळावरचा मळवट ओल्या फडक्यानं पुसत होती. आत्याबाई भिंतीपाशी नव्हत्या, माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या होत्या, आणि त्यांचं लुगडं मांडीवर ओलं झालं होतं. मी सुभेदारणीकडं बघितलं. तिनं तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून घरात सगळं बदललं. आत्याबाई मला विहिरीवर जाऊ देईनात, घागर स्वतः आणायला लागल्या. दुधावरची साय माझ्या ताटात पडायला लागली. ज्या सासूनं मला आल्यापासून चुलीच्या धुरात घातलं होतं, ती संध्याकाळी मला पुढ्यात बसवून माझे केस विंचरायला लागली. ओढ्यावर मी गेले की बोलणी थांबायची, आणि कुणीतरी माझ्या हातातलं पिळायचं जड लुगडं काढून घ्यायची. इतर सगळ्यांचे बोल माझ्या कानावर आले होते. माझा एकटीचाच येईना. मी काही दुधखुळी नव्हते. बाईला सगळं गाव असं जपायला लागतं ते एकाच वेळी.

म्हणजे ते गेले होते. आणि ते माझ्या तोंडानं सांगितलं गेलं होतं. सगळ्या गावानं ते ऐकलं, फक्त मी ऐकलं नाही.

हे मी कसं सोसलं ते मला आज सांगता येणार नाही. दुःख होतंच, पण त्याच्याहून वाईट एक गोष्ट होती. मला माझ्या तोंडाची किळस यायला लागली. भाकरीचा घास तोंडात घालताना वाटायचं, याच जिभेनं ते म्हटलं. कसं म्हटलं असेल? ओरडून? की त्या दुसऱ्या बाईला म्हटलं तसं हळू, "रडून घे"? आणि ते म्हणताना मी कुठं होते? ज्या 'काही नाही'त मला इतकं बरं वाटायचं, तिथं मी आरामात पडले होते आणि इकडं माझ्या तोंडातून माझ्या कपाळाचं कुंकू जात होतं. आत्याबाईंनी मला कुंकू पुसायला सांगितलं नाही, बांगड्या फोडल्या नाहीत. मला वाटलं, तार येईपर्यंत त्या मला सवाष्णीचे दिवस जगू देतायत. म्हणून मीही काही बोलले नाही. दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवतोय असं समजून मी महिने काढले.

पण मला ते ऐकायचं होतं. एकदा, स्वतःच्या कानांनी. म्हणून मी ठरवलं की पुढच्या वेळी जायचंच नाही, किंवा गेले तरी थोडी मागं उरायचं, दाराच्या फटीला डोळा लावण्यापुरती. मंगळवारी पाटावर बसताना मी मुठीत बाभळीचा काटा धरला. हलगी सुरू झाली की मूठ आवळायची, दुखलं की जाग राहील, असा माझा हिशेब. पाय गेले, गुडघे गेले, मी मूठ आवळली, आणि उठले तेव्हा तळहातात काटा मोडलेला होता आणि पाटावर रक्त होतं. दुखलंच नव्हतं. दुखायला कुणी जागेवर नव्हतं. घरी आत्याबाईंनी सुईनं तो काटा काढला, वर हळद दाबली. काटा मुठीत कसा आला हे त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या खेपेला मी दुसरी युक्ती केली. मालकांचं नाव मनात घेत राहिले. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, आई म्हणायची मनातसुद्धा घेऊ नये, त्यानं त्याचं आयुष्य कमी होतं. मला वाटलं, आता काय कमी व्हायचं राहिलंय? हलगी वाजत होती, ऊद डोळ्यांत जात होता, आणि मी आत एकसारखं ते नाव घेत होते. पाय गेले नाहीत. घोट्यापर्यंत येऊन थांबलं. हलगीवाला घामाघूम झाला, सुभेदारणीनं दोनदा ऊद घातला, बायका "आई उदो" करून करून थकल्या, आणि मी पाटावर लख्ख जागी बसून राहिले. माझ्या कपाळावरून मळवटाचा ओघळ नाकावर आला तो मला कळत होता.

त्यानंतर ती आलीच नाही. मी नाव घ्यायचं थांबवलं तरी आली नाही. एकदा त्या दाराशी ती आणि मी समोरासमोर आलो आणि दोघींपैकी कुणी मागं हटेना, असं काहीसं झालं असावं. दोनतीन मंगळवार बायका आल्या, मग कमी झाल्या, मग पाट भिंतीला उभा राहिला. मला देवीची आठवण यायची. हसू येईल, पण खरंच यायची. जिला कधी बघितलं नाही तिची नाही, तर ती येताना मला जिथं पाठवायची त्या जागेची. आता चोवीस तास मी माझ्यातच होते. आणि त्या 'मी'ला एकच काम होतं, तारेची वाट बघणं.

एका सकाळी अंघोळ केली आणि आरशापुढं उभी राहिले. कुंकवाचा करंडा उघडला. बोट आत घातलं, आणि हात वर जाईना. हे सोंग आता माझ्यानं होत नव्हतं. मी करंडा बंद केला, कपाळ तसंच मोकळं ठेवलं, आणि परड्यात गेले. आत्याबाई शेणी थापत होत्या.

"आत्याबाई," मी म्हटलं, "आता बास झालं. मला समदं म्हाईत हाय."

त्यांनी वर बघितलं. माझ्या कपाळाकडं बघितलं. हाताला शेण तसंच, त्या उठल्या आणि माझ्या थोबाडीत मारली. उभ्या जन्मात त्यांनी माझ्यावर हात उगारला तो त्या एकदाच.

"कुणी सांगितलं तुला? तार आली? काय म्हाईत हाय तुला?"

"मीच म्हनले हुते न्हवं," मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "त्या मंगळवारी. तुमी इचारलं, आन मी सांगितलं. समद्या गावानं ऐकलं. माज्याच तोंडानं ऐकलं, आन मलाच तेवढं सांगितलं न्हाई."

आत्याबाई खाली बसल्या. नुकत्या थापलेल्या शेणींवरच बसल्या. मग म्हणाल्या, "आगं यडे. तू आसं काय बी म्हनली न्हाईस."

"मग काय म्हनले?"

"झाडाला सांगत न्हाईत."

"झाड वाळलं, आत्याबाई. सांगा."

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी सगळ्यांचं विचारून झालं, आणि त्यांनी मनाचा हिय्या करून, पदर पसरून देवीला विचारलं, "आई, माजा ल्योक कवा येनार?" घुमणं थांबलं. एकदम थांबलं. हलगीवाल्यानं आपोआप हात आवरला. देवी पाटावरून उठली, तो सगळा मळवट, ते सुटलेले केस, आणि चालत भिंतीपाशी आली. सगळ्या बायका बाजूला सरल्या. आत्याबाईंच्या पुढ्यात ती बसली, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि म्हणाली, "आत्याबाई, मला बी त्येच इचारायचं हाय."

"आन?"

"आन काय. रडाय लागलीस. लय रडलीस. समद्या रडल्या. सुभेदारीण म्हनली, आता ह्यात देवी न्हाई, ही आपली पोरच हाय, हिला निजवा."

जिथं कुणीच उरत नाही असं मी समजत होते, तिथं मी त्या एका सवालासाठी परत आले होते, आणि ते मलाच ठाऊक नव्हतं.

"मग मला का न्हाई सांगितलं?" मी शेवटी विचारलं.

"काय सांगायचं? देवीला बी ठावं न्हाई म्हनून? मग तू कुनाकडं बगायचंस?" त्यांनी हात लुगड्याला पुसला, मला ओढत घरात नेलं, करंडा उघडला आणि अंगठ्यानं माझ्या कपाळावर कुंकू लावलं. ते तिरकं लागलं. मी पुसून नीट करायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींपुढं रडायला लागलो. वाट काही कमी झाली नाही, पण ती दोघींनी मिळून बघितली.

लढाई संपल्यावर पुढल्या सुगीला ते आले. जपान्यांच्या कैदेत होते. हाडांचा सापळा, केस गेलेले, पण आले. पुढं माधवनगरच्या गिरणीत दारवान म्हणून लागले आणि आम्ही तिकडं राहायला गेलो. पण ते नंतरचं. आल्यानंतर चारआठ दिवसांनी जेवताना ते मला म्हणाले, "गावात म्हनत्यात, तुज्या अंगात देवी येत हुती. साऱ्या गावाच्या मानसांचं सांगत हुती म्हनं. आन माजं इचारलं न्हाईस व्हय तिला?"

"इचारलं की," मी म्हटलं. "तिला बी ठावं नव्हतं. ती बी वाटच बघत हुती."

ते मोठ्यानं हसले. आत्याबाई चुलीपुढं भाकरी भाजत होत्या. त्या हसल्या नाहीत.